कंट्रोलची डुकरं

ठिपक्याच्या नाकाला भाताचं शीत चिकटलं होतं.

रुचिता उकिडवी बसली, एका हाताने त्याचं तोंड धरलं आणि नखाने ते शीत सोडवून घेतलं. ठिपक्याने मान झटकून एक चीत्कार केला. तिने ते शीत तळहातावर घेऊन उजेडात धरलं. भातच. जाड दाण्याचा, मऊ शिजलेला, आज सकाळचाच. तिने खाली पाहिलं. फरशीच्या सांध्यांत आणखी शितं अडकली होती आणि बाकीची डुकरं नाकं घाशीत तीच हुडकत फिरत होती.

या कप्प्यात भात? या कप्प्यात भात यायचं काही कारणच नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही रुचिता जनावरांची डॉक्टर. मोठ्या पदवीसाठी तिने डुकरांवर संशोधन घेतलं, तेव्हा उरणजवळच्या तिच्या गावात लोक तोंडावर पदर धरून हसले. आई अजूनही म्हणते, लोकांच्या पोरी माणसांच्या डॉक्टर झाल्या, आमची झाली डुकरांची. रुचिताने ते ऐकून घेतलं. तिला जे सिद्ध करायचं होतं ते साधं होतं. डुक्कर हा मुळात उकरणारा जीव. त्याला नाकाने उकरायला आणि तोंडाने चघळायला काहीतरी लागतं. ते नाही मिळालं, नुसती सिमेंटची फरशी मिळाली, की तो शेजाऱ्याची शेपूट चघळायला लागतो. रक्त आलं की बाकीचेही धावतात. यावर उपाय म्हणून सगळीकडे काय करतात? पिल्लू जन्मलं की त्याची शेपूटच छाटून टाकतात. वा रे उपाय!

जुन्या मिठागराच्या कडेला निकेतचा डुकरांचा फार्म होता. निकेत गावातलाच, आधी कंटेनरचे ट्रेलर चालवायचा, मग या धंद्यात पडला. त्याच्याकडेही शेपट्या छाटायचे. आता तो एक पाऊल पुढे जायला निघाला होता. गाभण माद्यांसाठी त्याला लोखंडी पाइपांचे पिंजरे बसवायचे होते. असा पिंजरा की मादीने त्यात उभं राहावं, बसावं, पण मागे वळून बघायचं म्हटलं तर जागा नाही. रुचिता त्याच्याशी भांड भांड भांडली. शेवटी निकेत म्हणाला होता, "ठीक हाय डॉक्टर, तू दाखवून दे. मोकळं ठेवून, पेंढा घालून डुक्कर चांगला वाढतो आणि फरशीवर बिघडतो, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसू दे. मग माद्या पण मोकळ्या ठेवीन. नाय दिसलं तर पिंजरे बसणार. मग रडायचं नाय."

म्हणून हे दोन कप्पे. दोन्हींत सारख्या वयाची, शेपट्या शाबूत असलेली डुकरं. दोन्हींना एकच खाद्य, एकाच काट्यावर तोललेलं. एका कप्प्यात गुडघाभर पेंढा आणि नारळाची सोडणं. दुसऱ्यात काही नाही, नुसती फरशी. हा दुसरा कप्पा तुलनेसाठी.

आणि झालं काय? पेंढ्यातली डुकरं छान वाढली. फरशीवरचीही तितकीच छान वाढली! एकाच्याही शेपटीला ओरखडा नाही. रुचिता रोज उठून पुस्तकं चाळायची, मार्गदर्शक सरांना फोन करायची, स्वतःवर चिडायची. निकेत येता-जाता टोमणे मारायचा. काल तर टेम्पो येऊन पिंजऱ्यांचे पाइपच अंगणात उतरवून गेला. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून ती आज एरवीपेक्षा लवकर, उजाडता उजाडता आली होती. आणि आल्या आल्या हे शीत.

कोणीतरी फरशीवरच्या डुकरांना चोरून भात घालत होतं. कोणीतरी कशाला, पिंजरे कोणाला बसवायचे होते?

तिने ते शीत रुमालाच्या टोकात बांधलं आणि कप्प्याचं दार आपटून बाहेर आली.

निकेत अंगणात पाइपांच्या ढिगाऱ्याजवळ चहा पीत उभा होता. धर्मा वेल्डर मापाची टेप घेऊन जमिनीवर खुणा करत होता. खाडीवरून खारा वारा सुटला होता आणि हमरस्त्यावरच्या ट्रेलरांची घरघर इथपर्यंत येत होती.

"हे काय आहे?" रुचिताने रुमाल त्याच्या नाकासमोर धरला.

निकेतने वाकून बघितलं. "भात."

"माझ्या कप्प्यात कुठून आला?"

"मला काय माहीत? तुझ्या डब्यातून सांडला असंल."

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस निकेतदादा! पैज हरायची भीती वाटली म्हणून चोरून भात घालतोस? एवढे महिने मी खुळ्यासारखी काटे तपासतेय, खाद्य तपासतेय, आणि तू इकडे त्यांना जेवायला वाढतोयस? लाज नाही वाटत?"

धर्माची टेप खर्रकन परत आत गेली. तो खाली बघायला लागला.

निकेतने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आवाज कमी कर. मी घरात माझं ताट माझ्या हाताने वाढून घेत नाय, डुकरांना भात वाढत बसू? आईची शपथ घेऊन सांगतो, मी त्या कप्प्यात पाऊल ठेवलेलं नाय. पैज जिंकायची असती ना, तर सरळ तुला गेटच्या बाहेर काढली असती. चोऱ्या करायची काय गरज मला?"

"मग कोण? भूत?"

"मी घालतंय," मागून आवाज आला.

दोघांनी वळून पाहिलं. हॉटेलांतून येणारं उष्टं उकळायच्या मोठ्या पिंपाजवळ सोनूबाई उभी होती. फार्मवर कप्पे धुणं आणि पिंपाखालचा जाळ सांभाळणं ही तिची कामं. जन्म मिठागरात गेलेला, पाय अजून काळेभोर आणि भेगाळलेले. तिच्या हातात ॲल्युमिनियमचा टोप होता. टोप रिकामा होता, आणि त्याच्या कडेला तसलीच जाड शितं वाळत होती.

"तू?" रुचिताच्या तोंडून एवढंच आलं.

"मंग कोन? रोज घालतंय. सकाली, तू यायच्या आधी. कोंबऱ्यांना फेकतात तसा फेकतंय, मंग दीसभर येचत बसतात बिचारी." सोनूबाईला यात लपवण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं. "पलास्टिकचं दानं पन काढून टाकतंय हां मी. त्यांचं प्वाट बिघडाया नको."

तांदळात मिसळलेले ते दाणे प्लास्टिकचे नसतात, त्यांत लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली असतात, हे रुचिताने तिला शंभरदा सांगितलं असेल. आता ते सांगायची ही वेळ नव्हती.

"पण का?" ती ओरडली. "तुला सांगितलं होतं ना मी, या कप्प्यात माझ्या खाद्याशिवाय काही घालायचं नाही म्हणून?"

"असा कवा म्हनलीस? तू म्हनलीस, आजी, ही पेंढ्याची आनि ही कंट्रोलची. ही कंट्रोलची हायत, हे लक्षात ठेव."

"बरोबर. कंट्रोलची."

"मंग? कंट्रोलचा तांदूलच घातला ना! घरात सूनबाय तो खात न्हाय, तिला बारीक लागतो. मी म्हनला, ह्यांच्या नावाचाच हाय तर ह्यांनाच घालू."

मग निकेतच्या नाकातून एक विचित्र आवाज आला आणि तो पाइपांच्या ढिगाऱ्यावर बसकण मारून हसायलाच लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. धर्माही तोंड फिरवून खांदे हलवत होता. "कंट्रोलची डुकरं!" निकेत मांडीवर थापा मारत म्हणाला. "अगं डॉक्टर, डुकरांचं रेशनकार्ड काढलं म्हातारीने! मोठी विद्या शिकून आलीस आणि साधं रेशनच्या दुकानाला काय म्हणतात ते विसरलीस?"

विसरली नव्हती. लहानपणी हातात पिशवी घेऊन ती स्वतः कंट्रोलच्या रांगेत उभी राहिली होती. गावात रेशनच्या दुकानाला दुसरं नावच नव्हतं. पण कॉलेजात गेल्यावर तो शब्द तिच्या डोक्यात दुसऱ्या खणात जाऊन बसला. ज्याला काही वेगळं करायचं नाही, ज्याला नुसतं बघायचं, तो कंट्रोल. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कधी समोरासमोर येतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि आता सगळी मेहनत मातीत गेली होती. डोकं असं फिरलं तिचं, की समोर कोण आहे हेसुद्धा तिने बघितलं नाही.

"कळत नाही तर विचारायचं ना!" ती सोनूबाईवर कडाडली. "तुझ्या त्या मूठभर भाताने माझं सगळं वाटोळं केलं! काहीच द्यायचं नाही, म्हणून तो कंट्रोल. समजलं? काही म्हणजे काहीच नाही!"

सोनूबाईने टोप खाली ठेवला. हात पदराला पुसले.

"असा व्हय," ती म्हणाली. "तुमच्याकडं कंट्रोल म्हंजे काय द्यायचा न्हाय?"

"नाही."

"आमच्याकडं ज्याला काय न्हाय त्याला कंट्रोलवर मिलतं. मिठागर गेलं तवा माजी पोरं त्याच तांदलावर वाढली. मंग त्यांनी ती मशीन आनली. मी आंगठा लावला, उठं ना. मिठानी सगल्या रेघा खाल्ल्या माज्या. पुना लावला, पुना न्हाय. तो दुकानदार म्हनाला, तुजा आंगठा उठत न्हाय, तुला मिलनार न्हाय. समोर पोती भरलेली, आनि मी रिकामी पिशवी घेऊन घरला." तिने आपला अंगठा पुढे केला. तो खरोखरच गुळगुळीत होता. "सूनबाय आली तवा तिचा आंगठा चालला. तवर मी काय खाल्ला, तो तुला सांगत न्हाय."

"आजी, ते वेगळं. हे संशोधन आहे."

"मंग ह्यांना काय न्हाय दिला तर काय व्हनार?"

"एकमेकांच्या शेपट्या चावतील."

"आनि तू काय करनार?"

"बघणार," रुचिता म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपला आवाज ऐकू आला. पण राग अजून उतरला नव्हता. "हो, बघणार! तेच माझं काम आहे. हे चावतात हे दिसलं, तरच तिकडच्या माद्या पिंजऱ्यात जायच्या वाचतील. तुझ्या भाताने नाही वाचणार त्या!"

सोनूबाईने टोप उचलला आणि ती पिंपाकडे निघून गेली.

दुपारी रुचिताने सरांना फोन लावला. सर आधी हसले, मग गंभीर झाले. जे झालं ते सगळं बाद, म्हणाले. भात फेकला म्हणजे डुकरांना हुडकायला काम मिळालं, मग ती कशाला चावतील? ती फरशी कोरी राहिलीच नाही. तुझं म्हणणं चुकलेलं नाही, पण ते दिसलेलंही नाही. पुन्हा बघ.

निकेतला तिने हेच सांगितलं. त्याचं हसू अजून ओसरलं नव्हतं, आणि सकाळच्या आरोपाची माफी तिने मागितली तीही त्याने मोठ्या मनाने घेतली. पण पिंजऱ्यांवरून तो हटला नाही.

"होळीपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "भात बंद. चावली तर पिंजरे परत. नाय चावली तर धर्मा दुसऱ्या दिवशी कामाला लागणार. आणि फोटोबिटो नको, फोटोत काय पण दाखवता येतं. माझ्या डोळ्यांनी बघणार."

"बघ," रुचिता म्हणाली.

संध्याकाळी तिने उरणच्या बाजारातून कुलूप आणलं आणि फरशीच्या कप्प्याला लावलं. चावी गळ्यातल्या दोरीत अडकवली. आता ती रोजच उजाडताच येऊ लागली. कप्पा ती स्वतः धुवायची, खाद्य स्वतः तोलून घालायची. पहिल्या सकाळी डुकरं दाराशी येऊन उभी राहिली, सगळ्यांत पुढे ठिपक्या. डाव्या डोळ्यावर काळा डाग, म्हणून सोनूबाईनेच त्याला ते नाव दिलेलं. सोनूबाई हातात खराटा घेऊन समोरून गेली. डुकरांनी तिला बघून एकच गलका केला. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि रुचिताकडे तर नाहीच. ज्या बाईला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, ती आठवडाभर रुचिताशी एक अक्षर बोलली नाही.

आधी त्यांनी फरशी उकरली. मग दाराच्या सळया चघळल्या. मग एक दिवस एका डुकराने पुढच्याची शेपूट तोंडात घेतली आणि नुसती धरून ठेवली, एखादं मूल अंगठा चोखतं तशी. रुचिताच्या छातीत धस्स झालं. ते धस्स भीतीचं नव्हतं, हे तिलाही कळलं. तिने लगेच नोंद केली.

त्यानंतर वेळ लागला नाही. ओरखडे आले, मग खपल्या, मग रक्त. सगळ्यांत जास्त ठिपक्याला, कारण तो सगळ्यांत शांत होता आणि कोणी चावलं तरी नुसता पुढे सरकायचा. निकेत तेव्हा नेमका सासुरवाडीला मुरुडला गेलेला, मेव्हण्याचं लग्न होतं. तो परवा यायचा होता.

जखम खोल गेली की त्या डुकराला बाहेर काढायचं आणि औषध सुरू करायचं, हा नियम होता. नियम कोणी वरून लादलेला नव्हता, रुचितानेच घातलेला होता. ठिपक्याची जखम खोल गेली त्या सकाळी ती दारात चावी हातात घेऊन उभी होती. आत ठिपक्या भिंतीला मागचा भाग टेकवून बसला होता, शेपूट वाचवायला. त्याला आत्ता बाहेर काढला, औषध लावलं, तर दोन दिवसांत खपली धरेल. मग निकेत येऊन बघणार काय? बाकीच्यांचे ओरखडे? तो म्हणेल, हे तर खेळताना पण होतं.

"बाय."

सोनूबाई मागे उभी होती. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"त्याला भाइर काढ."

"काढते. परवा."

"परवा काय हाय?"

"निकेतदादा येतोय. त्याला बघू दे एकदा. आजी, अगं, त्याने बघितलं ना, तर त्या सगळ्या माद्या वाचतील. एवढ्या एकासाठी..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

सोनूबाईने तिच्याकडे असं बघितलं, की रुचितानेच नजर वळवली. मग ती खराटा ओढत निघून गेली. चावी रुचिताच्या गळ्यात परत गेली.

निकेत परवा आला नाही. लग्नाचं जेवण, मग पाहुणे, मग आणखी काही. फोनवर म्हणाला, "येतोय गं, टेन्शन कशाला घेतेस?" रुचिता त्याच्यावर खेकसली, भरपूर बोलली, पण कुलूप काढलं नाही. आता इतकं थांबलोय तर अजून एक दिवस, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो!

तो आला आणि बुटासकट कप्प्याच्या दारात उभा राहिला. भिंतीवर डुकरांच्या उंचीला रक्ताचे फराटे होते. फरशी लालसर ओली होती. ठिपक्याची शेपूट अशी राहिलीच नव्हती. निकेतच्या तोंडातला मुरुडच्या लग्नातला विडा तसाच राहिला. त्याने तो बाहेर जाऊन थुंकला.

"बस," आत न येताच तो म्हणाला. "बघितलं. बंद कर हे."

"पिंजरे?"

"परत पाठवतो. पेंढा आण, पाहिजे तेवढा. सगळ्या कप्प्यांत टाक." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "जिंकलीस तू डॉक्टर. पण मला वाटलं होतं, तू आधीच काढशील त्याला."

रुचिताला इतका संताप आला, की वाटलं याच्या कानाखाली आवाज काढावा. तूच म्हणालास ना, डोळ्यांनी बघणार म्हणून! तूच बसलास ना तिकडे जेवणं झोडत! तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण त्यातलं एकही वाक्य पुरं खरं नव्हतं, म्हणून ते तोंडातच राहिलं.

टेम्पो आला. धर्माने पाइप पुन्हा चढवले. ते एकमेकांवर आपटत होते आणि तिकडे माद्यांच्या कप्प्यात एक थोराड मादी पेंढ्याचा भारा तोंडाने ओढत आरामात गोल फिरत होती. अंग वळवून, मागे बघत. हेच तर बघायचं होतं रुचिताला. तिने एकदा बघितलं आणि ती फरशीच्या कप्प्याकडे आली.

कुलूप काढून तिने पेंढ्याचा पहिला भारा आत टाकला. सगळी डुकरं त्यावर तुटून पडली, नाकं खुपसून, चीत्कारत, एकमेकांना विसरून. ठिपक्या तेवढा आला नाही. तो कोपऱ्यात होता. पेंढा बघून त्याने पुढचे पाय टेकले, अंग उचललं. मागचे पाय उचललेच नाहीत. तो तसाच फरफटत हातभर पुढे आला आणि पडला.

रुचिताला हात लावायच्या आधीच कळलं. शेपटीतला पू कण्यात चढला होता. तिने तरी त्याच्या मागच्या पायाला चिमटा काढून बघितला. पाय हलला नाही. तिने पिशवीतून इंजेक्शन काढलं, भरलं, दिलं. याचा आता उपयोग नाही हे तिच्याइतकं चांगलं तिथे कोणाला ठाऊक होतं? आणि संध्याकाळपर्यंत त्याला दुसरं इंजेक्शन द्यावं लागणार, शेवटचं, हेही तिला ठाऊक होतं. ती त्याच्याजवळ पेंढ्यात बसून राहिली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटत होतं.

दारात सावली पडली. सोनूबाई आत आली. हातात टोप होता, आणि टोपातून वाफ येत होती. ती ठिपक्याच्या तोंडाशी बसली.

"आता घालू?" तिने विचारलं. "का अजून लिवायचा हाय तुजा?"

रुचिताने मान हलवली. "घाल."

सोनूबाईने भाताची मूठ फुंकून निववली आणि त्याच्या तोंडासमोर धरली. ठिपक्याने पडल्या पडल्या नाक हलवलं, वास घेतला आणि तो खायला लागला. पाय गेले तरी भूक होती. त्याच्या नाकाला पुन्हा शितं चिकटली. सोनूबाई ती बोटाने पुसून परत त्याच्या तोंडात घालत होती.

"मला दे थोडा," रुचिता म्हणाली. "मी घालते." आणि तिने ओंजळ पुढे केली.

सोनूबाईचा हात टोपातच थांबला. तिने त्या ओंजळीकडे बघितलं. सगळ्या रेघा जागच्या जागी असलेले स्वच्छ हात होते ते.

"आधी आंगठा लाव," ती म्हणाली. "उठतो का बघू."

आणि टोप आपल्याकडे ओढून घेऊन तिने पुढची मूठ फुंकली.